इंदिराकाकूचं काम : उत्सवाच्या नाटकातलं एक प्रकरण

गाव गुहागर तालुक्यातलं, समुद्राला अगदी लागून. नाव लिहीत नाही, कारण गाव एवढंसं आहे की नाव लिहिलं की माणसंही लिहिल्यासारखीच होतात. माघात देवीचा उत्सव असतो, पाच दिवस, आणि चौथ्या रात्री नाटक. पालखी, भोवत्या, कीर्तन सगळं असतं पण खरं सांगायचं तर मुंबईकर येतात ते नाटकासाठी. मी ते बसवतो. पोटापाण्याला आंब्याची कलमं आणि थोडं सुपारीचं आगर, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत मोहोराची फवारणी आणि तालमी एकदमच येतात आणि घरात शिव्या खाव्या लागतात, पण ते असो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही 'संगीत शारदा' करायचं ठरवलं. पेटीवाला घरचा, तबला चिपळूणचा, पदं सगळ्यांना पाठ, मग अजून काय पाहिजे. शारदेला एक नर्सिंगला असलेली मुलगी मिळाली, गळा छान. भुजंगनाथाला तर तिघं इच्छुक, म्हाताऱ्याचं काम करायला आमच्याकडे रांग असते. अडलं ते इंदिराकाकूपाशी.

ज्यांना नाटक आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गोविंद बल्लाळ देवलांचं १८९९ सालचं नाटक. भुजंगनाथ हा पंचाहत्तरीचा श्रीमंत म्हातारा, त्याला पुन्हा लग्न करायचंय. कांचनभट हा पैशाला हपापलेला बाप, आपली मुलगी शारदा त्याला द्यायला निघालाय, आणि हुंडा देऊन नाही तर पैसे घेऊन, हे हल्लीच्या मुलांना दोनदा सांगावं लागतं. त्यांना वाटतं पैसा मुलीकडून जातो म्हणून मुलीचे हाल. इथे पैसा उलटा येतोय तरी हाल तेच. मनुस्मृतीत आठ प्रकारचे विवाह सांगितलेत त्यातला हा आसुर, मुलीच्या बदल्यात धन घ्यायचं. शेवटी कोदंड नावाचा तरुण मध्ये पडतो, वर आणि वधूपिता एकाच गोत्राचे आहेत हे उघड होतं, आणि सगोत्र म्हणून लग्न मोडतं. इंदिराकाकू ही शारदेची आई, कांचनभटाची बायको. तिला हे लग्न नकोय. ती नवऱ्याला सांगते, विनवते, तो ऐकत नाही. बस, एवढंच तिचं काम.

एवढंच असल्यामुळे ते कोणालाच नको असतं. पूर्वी आमच्याकडे हे काम एक नाना करायचे, आता ऐंशीच्या पुढे आहेत, पदर तोंडात कोंबून हुंदके देण्यात त्यांचा हात कोणी धरला नाही. संगीत नाटकांच्या त्या काळात बायकांची कामं पुरुषच करायचे, बालगंधर्वांनी शारदा केलेली आहे, आणि इथून खाली सिंधुदुर्गात उतरलात तर दशावतारात आजही राणीच्या शालूत पुरुषच असतो. आमच्या गावात बायका स्टेजवर आल्या त्याला फार वर्षं झाली नाहीत.

मग मी एका वहिनींना विचारलं. विचारलं म्हणजे, खळ्यात सुपारी सोलत बसल्या होत्या, मी पाखाडीवरूनच, म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटेवरूनच, हाक मारली की वहिनी काकूचं काम करता का. बेचाळीस-त्रेचाळीस वय, भजनात आवाज लावतात तो सगळ्यांना माहीत. नवरा मुंबईत कंपनीत, डोंबिवलीला भावाबरोबर खोलीत राहतो, माझ्याच वर्गातला. इथे वहिनी, सासू-सासरे, आगर, एक गाय, मुलगा चिपळूणला कॉलेजात. त्या म्हणाल्या, पाठ होईल का मला? म्हटलं होईल. म्हणाल्या, बरं बघते. दुसऱ्या दिवशी तालमीला आल्या, चौथ्या दिवशी काम पाठ होतं, नुसतं स्वतःचं नाही, समोरच्याचंही.

उत्सवाला अकरा दिवस राहिले होते तेव्हा रात्री साडेदहाला नवऱ्याचा फोन आला. मला आला, त्यांना नाही. हा मुद्दा मी तेव्हा धरलाच नाही. म्हणाला, अरे ती नाटकात काम करतेय असं ग्रुपवर कळलं मला, तालमीचा फोटो टाकलायस तू. म्हटलं हो, छान करतायत. म्हणाला, ते नको. आई-अण्णांकडे रात्री कोण बघणार, तालीम अकराला सुटते, पाखाडीत लाईट नाही, आणि इतकी वर्षं आमच्या घरातली बाई स्टेजवर गेलेली नाही. मी नाही म्हटलंय असं सांग तिला.

माणूस वाईट नाही हो. महिन्याला पैसे पाठवतो, दारू नाही, बायकोवर हात नाही. यातलं एकही कारण अगदीच खोटं होतं असंही नाही, लाईट खरंच नाहीये. पण "सांग तिला" हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही याचंच मला आता जास्त वाटतं.

मी त्यांना सांगितलं नाही. दोन दिवस टेन्शनमध्ये, दुसरी काकू कुठून आणू. आणि मग मला आठवलं ते उत्सवाच्या वहीचं. देवस्थानाच्या पेटीत जुन्या वह्या आहेत, कोणाचा कसला मान ते त्यात लिहिलेलं असतं, अर्धं मोडीत आणि अर्धं बाळबोध. त्यांच्या घराकडे नाटकाच्या रंगपूजेचा नारळ आहे हे माहीत होतंच, पण त्याखालची ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली, की त्या घरातल्या एका तरी माणसाने त्या रात्री तोंडाला रंग लावावा. आधी हा स्वतः लावायचा, मुंबईला गेल्यावर धाकटा भाऊ येऊन छोटंमोठं काम करायचा. त्या वर्षी दोघांनाही नाटकाच्या दिवशीच सकाळी पोचता येणार होतं, म्हणजे तालीम नाही, म्हणजे काम नाही.

लावला फोन. म्हटलं, तुमच्या घरचा मान या वर्षी मोडतोय बघ, वहीत असं असं लिहिलंय. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, अरे मग हे आधी बोलायचंस ना, मान आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही, करू दे तिला. अण्णांना मी सांगतो. पाच मिनिटात मॅटर संपलं.

मी एवढा खूश झालो की तसाच उठून गेलो त्यांच्याकडे. वहिनी पडवीत दिवा लावत होत्या. सगळी कथा सांगितली, नकार, वही, मान, होकार. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं." आणि आत गेल्या.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, वहिनी काही खूश वाटल्या नाहीत गं. ती म्हणाली, कशाला वाटतील.

तालमी पुन्हा सुरू झाल्या. कांचनभटाशी भांडणाचा प्रवेश होता, मी वहिनींना सांगत होतो की इथे रडा, पदर घ्या, आवाज फोडा, नाना कसे करायचे तसं. त्या करून बघायच्या आणि पुन्हा आपल्या पहिल्या पद्धतीवर, म्हणजे आवाज खाली, हात कामात, आणि वाक्यं एकामागोमाग एक, भाजी निवडल्यासारखी. शेवटी मी जरा वैतागून म्हटलं की वहिनी, प्रेक्षकांना कळणार कसं की हिला दुःख झालंय. तर म्हणाल्या, "भाऊजी, वीस वर्षं संसार केलेली बाई अशी नाही रडत. तिला माहितीये काय होणार ते. ती आपली बोलून घेते."

बोलून घेते. मी पंधरा-वीस वेळा हे नाटक बघितलंय, दोनदा बसवलंय, आणि माझ्या डोक्यात इंदिराकाकू म्हणजे शारदेच्या दुःखाला लावलेली एक साथ होती, तंबोऱ्यासारखी. नाटकातली लग्नाच्या आत असलेली बाई ही आहे हे लक्षातच आलं नव्हतं. शारदेचं लग्न व्हायचंय. हिचं होऊन गेलंय.

आमच्या वाचनालयात एक निवृत्त मुख्याध्यापिका बसतात, त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, संस्कृत पक्कं. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी याज्ञवल्क्यस्मृतीतली ओळच म्हणून दाखवली, "पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा". कन्यादान करायचा अधिकार कोणाला, तर आधी बाप, मग आजोबा, मग भाऊ, मग भाऊबंदांतला कोणी, आणि मग आई. पाचवा नंबर. बाई म्हणाल्या, म्हणजे कांचनभट मेला असता तरी काकूला विचारलं नसतं, आधी चुलत्याला विचारलं असतं. नऊ महिने जिने पोटात वाढवली ती रांगेत शेवटी, आणि तीही पुढचे सगळे संपले तर.

बाईंना विषय मिळाला की त्या थांबत नाहीत. त्यांनी विचारलं, बरं काकूने कांचनभटाला सोडायचं ठरवलं असतं तर? कुठे जाणार? १८९९ साली हिंदू बाईला नवऱ्यापासून कायद्याने घटस्फोट नव्हता, मुंबई प्रांतात तो आला १९४७ च्या कायद्याने. नुसतं वेगळं राहायचं तरी रुखमाबाईंचं काय झालं आठवा, लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणाल्या तर १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, एकतर नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, मग त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. पण त्यांच्या पाठीशी शिकलेले सावत्र वडील होते, मुंबईची वर्तमानपत्रं होती. काकूच्या पाठीशी चूल.

मी मध्येच शहाणपणा केला की इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातली नोरा तर दार लावून निघून जाते ना, १८७९ मध्ये, म्हणजे शारदेच्या वीस वर्षं आधी. बाई हसल्या. त्या नोराने तरी काय केलेलं, नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी कर्ज काढायचं तर बाईला पुरुषाच्या सहीशिवाय मिळत नव्हतं, म्हणून बापाची खोटी सही केली. आणि जर्मनीत प्रयोग करताना लोकांना ते दार लावून जाणं सहन होईना, मग इब्सेनलाच दुसरा शेवट लिहून द्यावा लागला, ज्यात ती मुलांकडे बघून थांबते. त्याला स्वतःला तो शेवट आवडत नव्हता ते वेगळं. म्हणजे युरोपातसुद्धा तिला एकदा घरी परत पाठवलीच.

सगोत्राचा मुद्दाही बाईंनीच काढला, आणि तिथे मी जरा गप्प झालो. त्यांचं म्हणणं असं की शारदा सुटली ती "मला हा नवरा नको" यामुळे नाही. आईच्या "माझ्या मुलीला देऊ नका" यामुळेही नाही. भुजंगनाथाचं वय पंचाहत्तर हासुद्धा अडथळा नाही, त्यावर नुसतं गाणं आहे, मुली चेष्टा करतात, टाळ्या पडतात. अडथळा ठरलं ते गोत्र. म्हणजे दोन पुरुषांच्या वंशावळीतली तांत्रिक चूक. समजा म्हाताऱ्याचं गोत्र वेगळं असतं, तर? नाटक तिथेच संपलं असतं, आणि शोकांतिका म्हणूनही कोणी लिहिलं नसतं, अशी लग्नं रोज होत होती. गंमत म्हणजे पुढे १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाह वैध ठरले, म्हणजे कोदंडाचं ते हत्यारही गेलं. आणि सुटल्यावर तरी शारदेचं काय, मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणून ती नदीवर जीव द्यायला निघते, कोदंड वाचवतो, आणि त्यांच्या लग्नाला शंकराचार्यांची मान्यता लागते. बापाच्या हातातून आचार्यांच्या हातात.

बाई देवलांवर टीका करत नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. उलट त्यांचं म्हणणं होतं की देवलांना त्या काळच्या प्रेक्षकाला पटेल असाच अडथळा शोधावा लागला, मुलीची इच्छा हे कारण कोणाला पटलं नसतं. मला वाटतं ते बरोबर आहे. कायद्याला तरी कुठे पटत होतं? बरेच जण १९२९ चा शारदा कायदा या नाटकावरून आला असं समजतात, आमच्या उत्सवात तर एका वक्त्याने माइकवरून तसं सांगितलं होतं, पण ते नाव हरबिलास सारडा या अजमेरच्या माणसावरून आहे. त्या कायद्याने मुलीचं वय चौदा केलं, म्हणजे चौदा पूर्ण असलेली मुलगी आणि पंचाहत्तरचा म्हातारा हे त्यातही चाललं असतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुलीचं वय पंधरा होतं, आणि ती अठराच्या आत असेल तर पालकाची संमती लागायची, जबरदस्तीने किंवा फसवून लग्न लावलं म्हणून दाद मागायची तरी अशा मुलीच्या बाबतीत फसवणूक पालकाची झाली का ते बघायचे. ते कलम १९७८ मध्ये गेलं, तेव्हाच वय अठरा झालं. त्या पालकांच्या यादीत आई मात्र वर सरकली होती, बापाच्या खालोखाल दुसरी. पाचवरून दोनवर. मुलाची नैसर्गिक पालक म्हणून बाप हयात असताना आईसुद्धा असू शकते हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते १९९९ मध्ये, म्हणजे नाटकाला बरोब्बर शंभर वर्षं झाल्यावर.

हे सगळं ऐकून घरी येताना मला ती वही आठवत होती. गोत्र शोधणारा कोदंड आणि मान शोधणारा मी, काय फरक. त्याने निदान मुलीसाठी जीव धोक्यात घातला, मी माझं नाटक पडू नये म्हणून फोन केला. वहिनींना काम करायचं होतं, त्यांनी चार दिवसात पाठ केलं होतं, यापेक्षा मोठं कारण कुठलं हवं होतं? ते मी फोनवर एकदाही म्हटलं नाही. "छान करतायत" म्हटलं होतं, तेवढंच. नकार दोन पुरुषांत झाला, होकार दोन पुरुषांत झाला, आणि जिच्याबद्दल चाललंय तिला दोन्ही वेळा निरोप.

बरं, आणि वाडीत कौतुक कोणाचं? नवऱ्याचं. किती मोठ्या मनाचा, बायकोला नाटकात करू दिलं. दुसरं माझं, वहीतून काय शोधून काढलं म्हणून.

प्रयोगाच्या रात्री साडेअकराला पडदा वर गेला. मांडवात बायका डावीकडे ताडपत्रीवर, पुरुष उजवीकडे खुर्च्यांवर, मधून देवीची वाट. काकूचा तो प्रवेश आला. कांचनभट आमचा गळ्यात ताकद असलेला, गर्जना करत होता, आणि वहिनी शांत, एकेक वाक्य बोलत, कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळत होतं, त्याच्या ओरडण्याच्या मध्ये जागा मिळाली की बोलायचं, नाही मिळाली की गप्प, पुन्हा जागा मिळाली की तिथूनच पुढे. नाना करायचे तेव्हा या प्रवेशात बायका डोळे पुसायच्या. या वेळी कोणी रडलं नाही. ताडपत्रीवरून एक आवाज आला मात्र, नीट ऐकू येईल असा, "सांगून काय उपयोग," आणि आजूबाजूच्या चारपाच जणी हसल्या, वाईट हसू नव्हतं ते. कांचनभटाला घाम फुटला, पुढचं वाक्य विसरला, प्रॉम्प्टिंग करावं लागलं.

नवरा उजवीकडे तिसऱ्या रांगेत बसला होता. नाटक झाल्यावर मला म्हणाला, चांगलं करते रे. मी म्हटलं, तिला सांग. म्हणाला, हो सांगतो ना. सांगितलं का ते माहीत नाही.

चार दिवसांनी वहिनी नऊवारी परत द्यायला आल्या, धुवून, इस्त्री करून, वर आगरातली चार शहाळी. बसल्या, चहा घेतला. मग म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू का. शेवटी सगळ्यांचं ठरतं, शारदेचं होतं, कोदंडाचं होतं. काकू कुठे जाते?" मी म्हटलं, कुठे म्हणजे, घरी. "कोणाच्या?" म्हटलं, कांचनभटाच्याच. "हां," म्हणाल्या, "मला वाटलं माझं पाठांतर राहिलं की काय पुढचं."

मग मी ती फोनची गोष्ट काढली, जरा अवघडूनच, की मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "सांगायला कशाला, तुम्ही फोन लावायच्या आधी मला विचारायचंत. नंबर माझ्याकडेपण आहे त्यांचा." यावर माझी बायको आतून एवढ्या मोठ्याने हसली की चहा सांडला.

त्यांनी बोलून दाखवलं असतं तर तो हो म्हणाला असता का, हे मी नंतर बऱ्याचदा घोळवलं. कदाचित नसता म्हणाला. मग काम गेलं असतं, आणि नाटकाला तेच नाना, ऐंशीचे, खुर्चीवर बसून. तेवढी रिस्क मी घ्यायला हवी होती की नको, यावर बाई आणि माझी बायको यांचं एकमत नाही. बाई म्हणतात, वही काढलीस ते बरं केलंस, एकदा बाई स्टेजवर गेली की वहीत नवी ओळ लिहिली जाते. देवरूखच्या गोदूबाई, लहानपणीच विधवा झालेल्या, १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं तेव्हा मुरूडने दोघांना वाळीत टाकलं, त्या मुरूडला आज कर्व्यांचं गाव म्हणून बसेस जातात, आणि त्याच गोदूबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, पुढे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिलं. आधी पाऊल पडू दे, बोलणं मागून येतं, असं बाईंचं. बायकोचं म्हणणं, पाऊल तिने आधीच टाकलेलं होतं, तालमीला चालत ती आलीच होती ना काळोखातून, तुम्ही त्या पावलाला परवानगी मिळवून आणलीत. मला दोन्ही पटतं, म्हणजे मला कळत नाहीये.

वहीत मात्र त्या वर्षीची नोंद मीच केली. आधी सवयीने घराण्याचं नाव लिहिलं आणि पुढे "यांच्याकडून मान पुरा". मग खोडलं आणि वहिनींचं पूर्ण नाव लिहिलं, काम इंदिराकाकू. ट्रस्टी काकांनी विचारलं खाडाखोड कसली, म्हटलं अक्षर बिघडलं.

पाखाडीत आता दोन सोलरचे दिवे लागलेत. या माघातलं नाटक ठरलंय, पात्रयोजना अर्धी झालीये, त्यात एक मोठं बाईचं काम आहे आणि सगळे मला विचारतायत की वहिनीच ना? मी नाव लिहिलेलं नाही. त्या सध्या डोंबिवलीला आहेत, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मंगळवारी येतायत. आल्या की विचारतो.